आईचा ताप सहाव्या दिवशीही उतरत नाही, विडाल (टायफॉईडची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह, पेशी (प्लेटलेट) ७८ हजार. हा टायफॉईडच आहे का?

उमरेडरोड यांचा प्रश्न:

रुग्ण आई, वय ५८, वजन ५६ किलो, नागपूर, मानेवाडा. मधुमेह आहे, मेटफॉर्मिन ५०० दिवसातून दोनदा. बाकी कुठलाही जुना आजार नाही.

आज तापाचा सहावा दिवस. ताप १०१ ते १०३.५ च्या दरम्यान, थंडी वाजून येतो. पॅरासिटामॉल दिल्यावर तीन-चार तास १०० पर्यंत येतो आणि पुन्हा चढतो. डोकं खूप दुखतं, अंग मोडून आलंय, कालपासून कोरडा खोकला. जुलाब नाहीत, काल दोन उलट्या. लघवी होते आहे, पण गडद.

तिसऱ्या दिवशी डेंग्यू एनएस-१ निगेटिव्ह, मलेरिया कार्ड निगेटिव्ह, प्लेटलेट १,४०,०००.
चौथ्या दिवशी विडाल: 'ओ' १:१६०, 'एच' १:८०. तेव्हापासून टायफॉईड म्हणून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन १ ग्रॅम, दिवसातून दोन वेळा शिरेतून.
आज सकाळी: हिमोग्लोबिन ११.४, हिमॅटोक्रिट ३४, पांढऱ्या पेशी ११,२००, प्लेटलेट ७८,०००, एसजीओटी १३८, एसजीपीटी ११२, बिलिरुबिन १.१, क्रिएटिनिन १.१. नाडी १०४, बीपी १०६/६८, बोटावरचा ऑक्सिजन ९६.

विचारायचं हे की इंजेक्शनला दोन दिवस होऊनही ताप तसाच असेल तर औषध बदलायचं की वाट बघायची? पेशी किती खाली गेल्यावर काळजी करायची? आणि आता नेमकी कुठली तपासणी राहिली आहे? ताप यायच्या आधी आई दहा-बारा दिवस उमरेडकडच्या वावरात सोयाबीनच्या निंदणाला जात होती. याचा काही संबंध असेल तर म्हणून लिहितो आहे.

---

वॉर्ड_२४तास (मेडिसिन):

संबंध आहे, आणि मोठा आहे. शेवटचं वाक्य तुम्ही आधी लिहायला हवं होतं.

पावसाळ्याच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत विदर्भात पाच दिवसांपेक्षा जास्त ताप, घटणाऱ्या प्लेटलेट, दोन-तीन पट वाढलेले लिव्हर एन्झाइम (एसजीओटी, एसजीपीटी) आणि गवतात किंवा वावरात वावर, एवढं एकत्र आलं की डेंग्यूच्या जोडीला स्क्रब टायफसचं (गवतातल्या बारीक अळीच्या चाव्याने होणारा ताप) नाव घ्यायलाच हवं. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत याचे बरेच रुग्ण निघाले, मृत्यूही झाले. तरीही ताप म्हटलं की डेंग्यू, मलेरिया, टायफॉईड या तीनच तपासण्या लिहिल्या जातात आणि चौथी राहून जाते.

आधी एक काम करा. घरातल्या बाईमाणसाने चांगल्या उजेडात आईंचं सगळं अंग बघावं. शोधायची आहे ती काळी खपली. पाच ते दहा मिलिमीटरची, मध्ये काळी, भोवती लालसर कडा, सिगारेटचा चटका लागल्यासारखी. ती दुखत नाही आणि खाजतही नाही, त्यामुळे रुग्ण स्वतःहून कधीच सांगत नाही. काखेत, स्तनांच्या खाली, परकराची नाडी बांधतो त्या रेषेवर, जांघेत, गुप्तांगाजवळ, कुल्ल्यांच्या मधल्या घडीत, गुडघ्यामागे, कानामागे, मानेवर केसांच्या कडेला बघा. घाम राहतो अशा घडीत वरची काळी खपली गळून जाते आणि उथळ ओलसर व्रण तेवढा उरतो. सावळ्या अंगावर लाल कडा नीट दिसत नाही. जवळची गाठ सुजली असेल, तर त्या बाजूला पुन्हा बघा. खपली सापडली तर निदान जवळजवळ झालंच. नाही सापडली तर मात्र स्क्रब टायफस नाही असं समजू नका, कारण पुष्कळ रुग्णांत ती नसतेच.

आता सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनबद्दल. खरा टायफॉईड असता तरी या इंजेक्शनवर ताप उतरायला चार ते सहा दिवस लागतात. म्हणून 'दोन दिवसांत उतरला नाही' एवढ्यावरून टायफॉईड बाद होत नाही. पण तीन दिवसांत प्लेटलेट निम्म्यावर येणं, नवा खोकला आणि वावरातलं काम, हे सगळं दुसरीकडे बोट दाखवतं. स्क्रब टायफसचा जंतू ओरिएन्शिया आपल्या पेशींच्या आत शिरून राहतो, रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन जंतूच्या भिंतीवर काम करतं आणि पेशीच्या आत पुरेसं पोचत नाही. सात दिवस दिलं तरी या आजारावर त्याचा उपयोग नाही. तेवढ्या दिवसांत फुफ्फुस, मूत्रपिंड आणि मेंदूपर्यंत गोष्ट जाऊ शकते.

इथे चालतं ते डॉक्सिसायक्लिन. मोठ्या माणसाला १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस. ते चालत नसेल तर अ‍ॅझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून एकदा, पाच दिवस. संशय पक्का असेल तर रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करायचं असतं. बहुतेकांचा ताप ४८ तासांत उतरतो, आणि तो तसा उतरणं हाही निदानाचाच भाग आहे.

हे फोरमवर वाचून घरी सुरू करू नका. आईंची नाडी १०४ आहे, खोकला नवा आहे, मधुमेह आहे. आजच मेडिकल, मेयो (ही दोन्ही सरकारी रुग्णालयं), मिहानमधलं एम्स किंवा आयसीयू असलेल्या कुठल्याही खासगी रुग्णालयात फिजिशियनला दाखवा. ओपीडीची वेळ संपली असेल तर सरळ कॅज्युअल्टीत जा. तिथे 'ताप' एवढंच सांगू नका. 'सहा दिवस ताप, वावरात जाणं, पेशी १ लाख ४० वरून ७८ हजार, खोकला' असं एका दमात सांगा, म्हणजे पुढचा विचार लगेच योग्य दिशेला सुरू होतो.

प्लेटलेटचं वेगळं लिहितो, सगळ्यात जास्त घाबरगुंडी तिथेच होते. ७८ हजारांवर आपोआप रक्तस्राव होत नाही. रक्तस्राव नसेल तर साधारण १० हजारांच्या खाली गेल्यावरच प्लेटलेट चढवायचा विचार करतात. स्क्रब टायफस असेल तर डॉक्सिसायक्लिनने आजार आटोक्यात आला की त्या स्वतःच वर येतात. रोज तीन वेळा पेशी मोजण्यापेक्षा श्वास मोजा, त्यातून जास्त कळतं.

---

काचपट्टी (पॅथॉलॉजी लॅब):

तपासण्यांपुरतं लिहितो. कुठल्या दिवशी काय करायचं हे चुकलं की रिपोर्ट बरोबर असूनही निष्कर्ष चुकतो.

एनएस-१ तिसऱ्या दिवशी केलं, ती वेळ योग्य होती. तरी निगेटिव्ह आलं म्हणजे डेंग्यू नाहीच असं नसतं. पूर्वी एकदा डेंग्यू होऊन गेला असेल तर दुसऱ्या वेळी एनएस-१ लवकर दिसेनासं होतं, आणि कार्ड टेस्ट एलायझापेक्षा (लॅबमध्ये होणारी सविस्तर तपासणी) कमी पकडते. आज सहावा दिवस आहे, त्यामुळे आता डेंग्यू आयजीएम (संसर्ग झाल्यावर शरीर तयार करतं ती प्रतिपिंडं) एलायझा करा, आणि त्याच रक्तातून स्क्रब टायफस आयजीएम एलायझा. साध्या लाल झाकणाच्या नळीत ५ मिलिलिटर रक्तात दोन्ही होतात, दोनदा टोचायची गरज नाही. स्क्रबचं आयजीएम पाचव्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास दिसायला लागतं. आज निगेटिव्ह आलं आणि डॉक्टरांचा संशय कायम असेल तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा करता येतं. तोवर औषध थांबवायचं नाही.

जुन्या पद्धतीची वेल-फेलिक्स टेस्ट काही ठिकाणी अजून होते. तिच्यातलं ओएक्स-के पॉझिटिव्ह आलं तर उपयोग आहे, पण निगेटिव्हवर विसंबू नका, तिच्यातून पुष्कळ रुग्ण सुटतात.

विडालबद्दल स्पष्टच सांगतो. आपल्याकडे दूषित पाण्यातून टायफॉईडच्या जंतूंशी बहुतेकांचा कधी ना कधी संबंध येऊन गेलेला असतो, काहींनी लसही घेतलेली असते. त्यामुळे निरोगी माणसातही थोडा टायटर (प्रतिपिंडांचं प्रमाण) असतो, आणि दुसऱ्या कुठल्याही तापात तो वर जाऊ शकतो, मलेरियातसुद्धा. एकाच नमुन्यातल्या १:१६० वर टायफॉईडचा शिक्का मारू नये. सात-दहा दिवसांच्या अंतराने दोन नमुने घेऊन चौपट वाढ दिसली तर त्याला अर्थ आहे, पण तोपर्यंत रुग्ण एक तर बरा झालेला असतो किंवा आयसीयूत असतो. टायफॉईड सिद्ध करणारी तपासणी ब्लड कल्चर. ती पहिल्या आठवड्यात, आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस जायच्या आधी. मोठ्या माणसाला प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त लागतं. २-३ मिलिलिटर घातलं की जंतू असूनही उगवत नाही. तुमच्याकडे इंजेक्शन आधीच सुरू झालं आहे, तरी आज दाखल झालात तर पुढच्या डोसच्या आधी कल्चर घ्या म्हणून सांगा. उगवण्याची शक्यता कमी झाली आहे, शून्य नाही.

मलेरियाचं एकच कार्ड निगेटिव्ह पुरेसं नाही. गडचिरोली, गोंदियाकडे जाणं झालं असेल तर मुळीच नाही. १२ ते २४ तासांच्या अंतराने एकूण तीन वेळा जाड आणि पातळ काचपट्टी बघायला हवी. 'थंडी वाजेल तेव्हाच रक्त घ्या' म्हणून कुणी थांबवत असेल तर थांबू नका, कधीही घेता येतं.

मशीनवरच्या प्लेटलेटचंही एक सांगायचं आहे. जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या ईडीटीएमुळे (रक्त गोठू न देणारं रसायन) काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, आणि मशीन त्या गठ्ठ्यांना मोजत नाही. सकाळी ९० हजार, संध्याकाळी दुसऱ्या लॅबमध्ये ४० हजार असा गोंधळ पुष्कळदा याच कारणाने होतो. आकडा अचानक खूप घसरला तर 'काचपट्टीवर बघून कळवा' असं सांगा. गठ्ठे दिसले तर निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत पुन्हा मोजतात आणि येणाऱ्या आकड्याला १.१ ने गुणतात. सगळे नमुने एकाच लॅबमध्ये दिले तर तुलना करता येते.

डेंग्यू अजून पूर्ण बाद झालेला नाही, म्हणून हिमॅटोक्रिटवर (रक्तातल्या तांबड्या पेशींचा टक्का) नजर ठेवा. तुमच्याकडे ३४ आहे. तो ४१ च्या आसपास गेला तर साधारण २० टक्के वाढ झाली, म्हणजे रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर झिरपतंय. प्लेटलेटच्या आकड्यापेक्षा ही खूण जास्त गंभीर. सध्याचा ३४ आणि पांढऱ्या पेशी ११,२०० हे चित्र डेंग्यूशी फारसं जुळत नाही, डेंग्यूत पांढऱ्या पेशी बहुतेक वेळा कमी होतात.

---

औषधपेढी:

डॉक्सिसायक्लिन लिहून दिलं तर ते कसं घ्यायचं हे चिठ्ठीवर क्वचितच लिहिलेलं असतं, आणि निम्म्या तक्रारी तिथूनच सुरू होतात.

जेवणानंतर, मोठा ग्लासभर पाण्याबरोबर, बसून किंवा उभं राहून. त्यानंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. झोपायच्या आधी घोटभर पाण्यावर कॅप्सूल घेतली की ती अन्ननलिकेत अडकते, तिथे जखम होते, आणि दुसऱ्या दिवशी गिळताना छातीत आग होते. तापाने गळून गेलेल्या माणसाला कुणीतरी उठवून बसवायला हवं. रात्रीचा डोस आठच्या सुमारास ठेवा, दहाला नको.

दूध, कॅल्शियम, लोह, झिंक आणि पोटातल्या आगीचं पांढरं-गुलाबी औषध यांच्याबरोबर घेऊ नका. यातली द्रव्यं डॉक्सिसायक्लिनला बांधून ठेवतात आणि ते रक्तात कमी उतरतं. दोन ते तीन तासांचं अंतर ठेवा. आईंना कॅल्शियमची गोळी चालू असेल तर हे सात दिवस बंद ठेवली तरी बिघडत नाही. उन्हात त्वचा लवकर भाजते, म्हणून या काळात वावरात जाणं नको. ताप दुसऱ्या दिवशी उतरला तरी १४ च्या १४ कॅप्सूल संपवायच्या.

पॅरासिटामॉल ६५० ची एक गोळी, दोन गोळ्यांत किमान सहा तास, २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही. एन्झाइम वाढलेले आहेत, तेव्हा तीनवर भागत असेल तर तीनच. सर्दी-अंगदुखीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच, त्या जोडीला देऊ नका, नकळत डोस दुप्पट होतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, निमेसुलाइड, अ‍ॅस्पिरिन यातलं काहीही नको, आणि 'ताप लगेच उतरवणारं' कमरेतलं इंजेक्शनही नको. पेशी कमी असताना त्यांनी जठरातून रक्तस्राव होऊ शकतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. १०३ च्या वर साध्या नळाच्या पाण्याने अंग पुसा. बर्फाच्या पाण्याने नको, त्याने हुडहुडी भरते आणि ताप उलट चढतो.

मेटफॉर्मिनबद्दल आजच डॉक्टरांना विचारा. उलट्या होत असतील, खाणं थांबलं असेल किंवा श्वास लागत असेल तर ते तात्पुरतं थांबवावं लागतं. साखर दिवसातून तीन-चार वेळा घरच्या मशीनवर बघा. तापात ती दोन्हीकडे हलते.

ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदाच विरघळवायचं. ग्लासात चिमूट-चिमूट टाकून नाही, त्याने क्षाराचं प्रमाण बिघडतं. २४ तासांनी उरलेलं फेकून द्या. मधुमेह आहे म्हणून ओआरएस टाळू नका, लिटरभरात साखर १३.५ ग्रॅम असते. डब्यातली ग्लुकोज पावडर हा त्याला पर्याय नाही. ती निव्वळ साखर, आणि आईंना ती नकोच. वरणाचं पाणी, ताक, भाताची पेज चालते.

पेशी वाढतील म्हणून पपईच्या पानांचा रस आणि बकरीचं दूध पाजायचा आग्रह सगळे नातेवाईक करतील. रसाच्या कडूपणाने उलट्या वाढतात, आणि नेमकं पाणी पोटात राहायला हवं तेव्हा ते बाहेर पडतं. बकरीचं दूध कच्चं तर अजिबात नको. त्यातून ब्रुसेलोसिस होतो, म्हणजे एका तापावर दुसरा लांबणारा ताप.

---

उमरेडरोड:

सगळ्यांचे आभार. बहिणीने आत्ता बघितलं. डाव्या बाजूला कमरेवर, परकराच्या नाडीच्या अगदी खाली, साधारण ८ मिलिमीटरची काळी खपली आहे, भोवती लाल. आईला ती आहे हे माहीतही नव्हतं. डाव्या जांघेत गाठ हाताला लागते, दाबली की दुखते. अर्ध्या तासात निघतो आहोत. दाखल करावंच लागेल का? आणि सलाईन लावून घेऊ का? सहा दिवस नीट खाल्लेलं नाही.

---

वॉर्ड_२४तास:

खपलीचा फोटो काढून ठेवा आणि पोचल्यावर आधी ती दाखवा. ओढू नका, खरवडू नका, मलम लावू नका. काही ठिकाणी त्या खपलीतूनच पीसीआर करतात आणि ती तपासणी चांगली पकडते.

दाखल करायचं की नाही हे तिथले डॉक्टर तपासून ठरवतील. पण मला विचाराल तर वय, मधुमेह आणि नवा खोकला बघता पहिले ४८ तास दाखल असलेलं बरं. वाटेत श्वास मोजा. पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून, आईंच्या लक्षात येऊ न देता. २४ च्या वर असेल, बोटावरचा ऑक्सिजन ९४ च्या खाली येत असेल, वरचं बीपी ९० च्या खाली गेलं, सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, बोलण्यात असंबद्धता आली, खूप झोपाळलेपण दिसलं, मान ताठ वाटली किंवा झटका आला, तर रांगेत थांबायचं नाही. '१०८' बोलवा किंवा कॅज्युअल्टीत सरळ आत जा.

सलाईन स्वतःहून मागू नका. या आजारात रक्तवाहिन्यांचं अस्तर सुजलेलं असतं आणि त्या गळतात. 'अशक्तपणा' म्हणून दोन-तीन बाटल्या भराभर चढवल्या की ते पाणी फुफ्फुसात उतरतं, आणि सकाळी ९६ असलेला ऑक्सिजन रात्री ८८ होतो. डेंग्यूतही हीच चूक होते. तोंडाने घेता येत असेल तर तोंडाने द्या, दिवसाला दोन ते अडीच लिटर, थोडं-थोडं. उलट्या थांबत नसतील किंवा बीपी पडत असेल तर सलाईन लागतं, पण मोजून, लघवीचा हिशोब ठेवून.

आज छातीचा एक्स-रे होईल. आजार गंभीर ठरला तर औषधं शिरेतून देतात. भारतातल्या रुग्णालयांत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, गंभीर रुग्णांना शिरेतून डॉक्सिसायक्लिन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन दोन्ही एकत्र दिल्यावर, एकेकटं औषध दिलेल्या रुग्णांपेक्षा सातव्या दिवशी उरलेली गुंतागुंत कमी होती. मृत्यूच्या प्रमाणात फरक दिसला नाही. साध्या रुग्णाला दोन औषधांची गरज नसते.

पहिल्या डोसची वेळ लिहून ठेवा. त्यानंतर ७२ तासांत ताप हटला नाही तर पुन्हा विचार करायचा. औषध पोटात टिकलं का, सोबत दुसरा संसर्ग आहे का, की निदानच वेगळं आहे. एकाच रुग्णात स्क्रब टायफस आणि डेंग्यू दोन्ही असू शकतात. लेप्टोही (लेप्टोस्पायरोसिस) मनात ठेवावा लागतो. त्याच्या खुणा: साचलेल्या पाण्यात किंवा चिखलात काम, लाल डोळे, पोटऱ्या दाबल्या की कळ, कावीळ. त्यातल्या सौम्य रुग्णाला डॉक्सिसायक्लिन चालतं, पण कावीळ किंवा लघवी कमी झाली असेल तर त्याचे उपचार वेगळे, पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचे.

---

बाल_ओपीडी:

वरचे डोस वाचून कुणी मुलांना देऊ नये, म्हणून लिहिते. ४५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलाला डॉक्सिसायक्लिन रोज किलोमागे ४.५ मिलिग्रॅम, दोन भागांत. म्हणजे २० किलोच्या मुलाला दिवसभरात ९० मिलिग्रॅम, ४५ सकाळी आणि ४५ रात्री. आठ वर्षांखालच्या मुलांचे दात डागाळतात या जुन्या भीतीने बरेच जण ते टाळतात. पण एका छोट्या कोर्सने तसं होताना दिसलेलं नाही आणि या आजारात ते देतात. पर्याय म्हणून अ‍ॅझिथ्रोमायसिन किलोमागे १० मिलिग्रॅम. गरोदर बाईला डॉक्सिसायक्लिन नाही, अ‍ॅझिथ्रोमायसिन ५०० रोज, पाच दिवस. पॅरासिटामॉल मुलांना किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत, दर सहा तासांनी.

आपल्याकडे सिकलसेलचे रुग्ण घराघरात आहेत, त्यांच्यासाठी वरची सगळी 'पाच दिवस' भाषा लागू नाही. सिकलसेल असलेल्या मुलाला १०१ च्या वर ताप आला की त्याच दिवशी रुग्णालयात, पहिल्या तासात अँटिबायोटिक. त्यांची प्लीहा नीट काम करत नाही, आणि साधा दिसणारा जंतुसंसर्ग काही तासांत रक्तभर पसरतो. अंगदुखी बघून 'क्रायसिस (सिकलसेलच्या वेदनांचा झटका) असेल' म्हणून घरी थांबू नका. आणि कुणाला व्हायव्हॅक्स मलेरिया निघाला तर १४ दिवसांच्या प्रायमाक्विनच्या आधी जी-६-पीडी (तांबड्या पेशींतलं एक एन्झाइम) तपासून घ्या. ते कमी असेल तर त्या गोळ्यांनी तांबड्या पेशी फुटतात.

---

हिवताप_फवारणी:

प्रश्न आईंचा आहे, पण त्याच वावरात निंदणाला आणखी बाया असतील. त्यांना निरोप द्या. ताप आला तर 'आमच्यासोबतच्या बाईला स्क्रब टायफस निघाला' एवढं डॉक्टरला सांगा.

हा आजार माणसापासून माणसाला होत नाही, घरच्यांनी वेगळं राहायची गरज नाही. तो पसरवते चिगर माइटची अळी, आकाराने मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी, डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. ती धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) गवतात, झुडपांच्या कडेला, उंदरांची बिळं असतात तिथे राहते. रक्त पीत नाही, त्वचेतला द्रव शोषते, आणि दोन-तीन दिवस चिकटून असते. कपडा जिथे आवळून अंगाला लागतो तिथे ती थांबते, म्हणून नाडीची रेषा, काख, घडी. चावल्यापासून ताप यायला सहा ते एकवीस दिवस लागतात, बहुतेकांना दहा-बारा. तुमच्या तारखा बरोबर जुळतात.

वावरात जाताना पूर्ण बाह्या, पायात मोजे, पँट असेल तर मोज्यांत खोचलेली. डीट (कीटकांना दूर ठेवणारं द्रव्य) असलेलं मलम घोटे, कंबर, मनगटांना. जेवायला धुऱ्यावर गवतात बसू नका, ताडपत्री टाका. कपडे झुडपावर वाळत घालू नका. सगळ्यात उपयोगी गोष्ट फुकटची आहे. घरी आल्याबरोबर कपडे बदलून गरम पाण्यात टाकायचे आणि साबण लावून खरखरीत कपड्याने घासून अंघोळ करायची. अळी सैलसर चिकटलेली असते, घासल्याने निघून जाते. शहरातही हा धोका आहेच. मोकळ्या प्लॉटवरचं कमरेएवढं गवत आणि त्यातले उंदीर बघा. गवत घराच्या भिंतीपासून कापून ठेवा.

डेंग्यूचा विषय निघालाच आहे तर कुलरचं बोलतो, नागपुरात त्याशिवाय हे पुरं होत नाही. पाऊस सुरू झाला की कुलर बंद होतो, पण टाकीतलं पाणी तसंच राहतं आणि डेंग्यूचा डास एडिस तिथेच अंडी घालतो. पाणी ओतून देऊन भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या वर टाकीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने जगतात. टाकी ताराच्या ब्रशने घासायची, खिडक्यांमधली खस काढून टाकायची, ती पुढच्या वर्षासाठी ठेवायची नाही. टाकी पुसून कोरडी करून कुलर झाकायचा. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून वापरात असलेलं प्रत्येक भांडं आठवड्यातून एकदा पूर्ण कोरडं करा. फ्रिजच्या मागचा ट्रेही.

---

उमरेडरोड:

काल रात्री दाखल केलं. डॉक्सिसायक्लिनचा पहिला डोस रात्री ८.३० ला. एक्स-रेत दोन्हीकडे थोडी छाया आहे, ऑक्सिजन ९५, बाहेरून लावावा लागलेला नाही. डेंग्यू आयजीएम निगेटिव्ह, कल्चर पाठवलं आहे, स्क्रब आयजीएम आज पॉझिटिव्ह आलं. सकाळी ताप १०१.४, आत्ता संध्याकाळी सात वाजता ९९.६, पॅरासिटामॉल दुपारी एकनंतर दिलेलं नाही. प्लेटलेट ७१,०००. ताप उतरला तरी पेशी कमी झाल्या, हे ठीक आहे का? आणि घरी गेल्यावर हीच टेस्ट पुन्हा कधी करायची?

---

वॉर्ड_२४तास:

ठीक आहे. ताप आधी उतरतो, प्लेटलेट मागून येतात, एक-दोन दिवसांचा फरक असतो. आता ४८ तासांनी एकदा आणि सुट्टीनंतर आठवड्याने एकदा सीबीसी, एसजीपीटी, क्रिएटिनिन, एवढं पुरे. ऐकू कमी येतंय किंवा कानात आवाज येतोय असं आई म्हणाल्या तर दुर्लक्ष करू नका, या आजारात ते होतं, दाखवून घ्या. अशक्तपणा दोन-तीन आठवडे राहील.

---

काचपट्टी:

स्क्रब आयजीएम पुन्हा करूच नका. बरं झाल्यावरही ते कित्येक महिने पॉझिटिव्ह राहतं, आणि 'अजून आजार गेला नाही' म्हणून लोक दुसरा कोर्स मागायला जातात. या रिपोर्टवर आजची तारीख आणि तापाचा सातवा दिवस असं पेनाने लिहून फाइलमध्ये लावा. पुढच्या पावसाळ्यात ताप आला तर हा कागद डॉक्टरांना आधी दाखवायचा, म्हणजे जुन्या आयजीएमला कुणी नवा आजार समजणार नाही.